'जगातला पहिला पंक बँड' आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं 'प्रथमच'

मागच्या वेळी लिटरेचर रिव्ह्यूबद्दल लिहिलं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "आपलं काम नवीन आहे हे सिद्ध कसं करायचं?" आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. पण रस्ता जरा लांबचा आहे. आपल्याला पेरू देशातल्या लिमा शहरात जायचंय, १९६५ सालात. तिथे चार पोरं गिटार घेऊन आरडाओरडा करताहेत. तुम्ही म्हणाल, याचा आणि पीएचडीचा काय संबंध? थोडा धीर धरा.

आधी माझी गोष्ट. माझं काम वेडी बाभूळ आणि तिच्या मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंवर आहे. खारपड जमिनीत हे जिवाणू तग कसा धरतात, हा माझा प्रश्न. सिनॉप्सिसच्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं: "अशा जिवाणूंची खारपड जमिनीतली नोंद येथे प्रथमच करण्यात येत आहे." गाईडनी फक्त 'प्रथमच' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि शेजारी एकच अक्षरी प्रश्न लिहिला: "का?"

मला वाटलं, का म्हणजे काय? मी शोधलंय, सापडलं नाही, म्हणून. मग लक्षात आलं की मी फक्त इंग्रजीत शोधलंय. आणि वेडी बाभूळ तर मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातून आलेली. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर तिच्या जवळच्या जातींना 'अल्गारोबो' म्हणतात. म्हणजे ज्यांच्या अंगणात हे झाड हजारो वर्षं उभं आहे, त्यांनी स्पॅनिशमध्ये काही लिहिलं असेल की नाही? मग भाषांतराची साधनं हाताशी घेऊन स्पॅनिशमध्ये शोधायला लागले, आणि कान जरा तयार व्हावा म्हणून स्पॅनिश गाणी ऐकायला लागले. त्यातच एक गाणं लागलं आणि मी खुर्चीतून उडाले. गायक गात नव्हता, गुरगुरत होता. रेकॉर्डिंगचं साल होतं १९६५. आणि वर्णनात लिहिलं होतं: 'जगातला पहिला पंक बँड'.

परत तोच शब्द. 'पहिला'. मला गाईडची पेन्सिल दिसायला लागली.

चार मित्र, सहा तबकड्या

बँडचं नाव लोस सायकोस. १९६४ साली लिमाच्या लिन्से नावाच्या भागात तो सुरू झाला. सगळे साधारण एकाच परिसरातले मित्र. एर्विन फ्लोरेस गायचा आणि गिटार वाजवायचा, रोलांदो कार्पिओ मुख्य गिटारवर, सेसार कास्त्रियोन (त्याला 'पापी' म्हणत) बेसवर आणि कधी गायनात, आणि फ्रान्सिस्को ऊर्फ 'पांचो' गेवारा ड्रम्सवर. संगीताचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले हे कलाकार नव्हते.

नावाची गंमत ऐका. आधी नाव ठरलं होतं 'लोस सादिकोस', म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात आनंद मानणारे. असं नाव रेडिओ-टीव्हीवर चालणार कसं? मग मधला 'द' काढून टाकला आणि झालं 'सायकोस'. उच्चार करून बघा, इंग्रजीतला 'सायको' ऐकू येतो. एक अक्षर गाळून सेन्सॉरलाही चुकवलं आणि हवा तो अर्थही ठेवला.

त्यांनी दिसपेरू या स्थानिक कंपनीसाठी १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत सहा छोट्या तबकड्या केल्या. प्रत्येकीवर दोन गाणी, म्हणजे एकूण बारा. बस्स, मूळ बँडचा सगळा डेटा एवढाच. पहिल्या तबकडीवर 'कम ऑन' आणि 'आना'. दुसरीवर 'देमोलिसियोन', म्हणजे 'पाडापाडी'. हेच ते गाणं. विषय काय? रेल्वे स्टेशन उडवून द्यायचं. का उडवायचं, कुणाविरुद्ध उडवायचं, काही स्पष्टीकरण नाही. उडवायचंय, कारण मजा येते.

बाकीच्या गाण्यांची नुसती नावं बघितली तरी या पोरांच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळतं: 'सेमेंतेरिओ' म्हणजे स्मशान. 'कामिसा दे फुएर्सा', म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात हात बांधून ठेवायला घालतात तो अंगरखा. 'अल्कात्राझचा फरारी'. 'मांजरांचा दफनविधी'. 'साल्वाहे', म्हणजे रानटी. पण थांबा, याच बारा गाण्यांत 'ते आमो', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', असंही एक आहे, आणि चक्क 'इंतेन्सामेंते' नावाचंही. ही प्रेमाची गाणी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

त्यांच्या आधी काय होतं?

कुठलंही काम नवीन आहे का हे ठरवायचं तर त्याच्या आधीचं मैदान कसं होतं ते बघावं लागतं. तुमच्या रिव्ह्यूचं दुसरं प्रकरण हेच करतं ना?

स्पॅनिश शब्द घेऊन रॉक अँड रोल आधीच आला होता. १९५८ साली अमेरिकेत रिची व्हॅलेन्सनं मेक्सिकोतलं जुनं लोकगीत 'ला बांबा' इलेक्ट्रिक गिटारवर गायलं आणि ते गाजलं. १९६० साली मेक्सिकोत लोस टीन टॉप्स हा बँड आला. एन्रिके गुस्मान हा त्यांचा गायक. 'ला प्लागा' हे त्यांचं गाणं तुफान चाललं. पण ते गाणं मूळचं लिटल रिचर्डचं. एल्व्हिसचं तुरुंगातल्या नाचाचं गाणंही त्यांनी असंच स्पॅनिशमध्ये आणलं. चाल तिकडची, शब्द इकडचे. अशा गाण्यांना मेक्सिकोत 'रेफ्रितो' म्हणतात. शब्दशः अर्थ, पुन्हा तळलेलं. आपल्याकडे कालची भजी आज पुन्हा तळतात तसं!

यात कमीपणा मानायचं कारण नाही. शिकण्याची ती एक पायरीच असते. आपणही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचा प्रोटोकॉल घेऊन नमुना फक्त आपल्या तालुक्यातला लावतो, तेही रेफ्रितोच. उरुग्वेतल्या लोस शेकर्सनं वेगळी वाट धरली. स्वतःची गाणी लिहिली, पण बीटल्सच्या वळणाची, आणि इंग्रजीत. अर्जेंटिनात ज्या गाण्यापासून स्थानिक स्पॅनिश रॉकची सुरुवात मोजायची पद्धत आहे ते लोस गातोसचं 'ला बाल्सा' आलं १९६७ मध्ये.

आता या तक्त्यात सायकोसना ठेवून बघा. स्वतःच्या चाली, स्वतःचे शब्द, (एखाददुसरं इंग्रजी नाव सोडलं तर) आपल्याच भाषेत, आणि साल १९६५. इथे खरंच काहीतरी नवीन घडलंय हे मान्य करायला हरकत नाही. पण 'काहीतरी नवीन' आणि 'जगात प्रथम' यांत जे अंतर आहे तेच आजच्या पोस्टचा विषय आहे.

गोष्ट फार सुंदर वाटली की तारखा तपासा

सायकोस १९६६ मध्ये फुटले. म्हणजे सगळा प्रवास जेमतेम दोन वर्षांचा. मग ते विसरले गेले.

हे वाचताना माझ्या डोक्यात लगेच एक गोष्ट तयार झाली होती. ती अशी: १९६८ मध्ये पेरूत जनरल हुआन व्हेलास्को अल्वारादोनं लष्करी उठाव करून सत्ता घेतली. त्याच्या राजवटीला रॉक म्हणजे परकीयांचं अनुकरण वाटायचं. १९७१च्या डिसेंबरात सांताना बँड लिमात उतरला तर सरकारनं कार्यक्रम होऊ दिला नाही आणि त्यांना परत पाठवून दिलं. म्हणजेच बंडखोर सायकोसना हुकूमशाहीनं चिरडलं. काय भारी गोष्ट आहे! सिनेमाच निघेल.

फक्त एकच अडचण. बँड फुटला १९६६ ला, उठाव झाला १९६८ ला. परिणाम आधी आणि कारण दोन वर्षांनी मागून, असं होत नसतं. लष्करी राजवटीमुळे नंतरच्या काळात पेरूतल्या रॉकला वाव कमी झाला, त्यामुळे जुन्या बँडची आठवण टिकणं अवघड गेलं, इथपर्यंत म्हणता येईल. पण 'चिरडलं' म्हणता येणार नाही. मी ही चूक माझ्या वहीत जवळजवळ लिहूनच टाकली होती. म्हणून तुम्हाला सांगते: तुमच्या निष्कर्षाची गोष्ट फारच सुंदर जमली असेल तर आधी तारखांचा तक्ता मांडा.

दुसरी सुंदर गोष्ट म्हणजे 'त्या काळात त्यांना कुणी ओळखलंच नाही'. हेही खोटं. लिमात ते चांगले लोकप्रिय होते. रेडिओवर वाजायचे, टीव्हीवर दिसायचे. त्या काळी लिमाच्या सिनेमागृहांत सकाळच्या खेळासारखे रॉकचे कार्यक्रम व्हायचे, त्यांना 'मातिनाल' म्हणत, तिथे पोरंपोरी गर्दी करायची. म्हणजे सायकोस हा काही मेंडेलसारखा मामला नाही. मेंडेलनं १८६५ साली वाटाण्यावरचे प्रयोग वाचून दाखवले, पुढच्या वर्षी ते छापले, आणि १९०० साली तिघांना स्वतंत्रपणे तेच सापडेपर्यंत त्याचं महत्त्व कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. सायकोसचं उलटं झालं. आपल्या गावात गाजले आणि मग विसरले गेले. गावाबाहेर मात्र फारसे पोचलेच नव्हते.

पुन्हा सापडणं

मधल्या काळात तबकड्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांकडे फिरत राहिल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्पेनमध्ये त्यांच्या गाण्यांचा एक संग्रह निघाला. त्याच्या इंग्रजी नावातच 'पंक' आणि '१९६५' हे दोन्ही शब्द होते. २००६ मध्ये लिन्सेच्या नगरपालिकेनं बँडचा सन्मान केला. तिथल्या एका कोपऱ्यावर फलक लागला, आणि त्याचा मथितार्थ असा की जगातली पंक चळवळ इथे जन्मली. २०१० मध्ये माद्रिदच्या मुन्स्टर रेकॉर्ड्सनं सगळी गाणी एकत्र आणली. २०११ मध्ये एक्तोर चावेसचा 'सायकोमानिया' हा माहितीपट आला. साठी ओलांडलेले सदस्य पुन्हा मंचावर चढले, परदेशांत वाजवून आले. फक्त रोलांदो कार्पिओ त्यात नव्हता. तो २००५ मध्येच गेला होता. पांचो गेवाराही पुढे २०१५ मध्ये गेला.

मला हे वाचून खरंच गलबलून आलं. ज्या गिटारीमुळे ती गाणी तशी वाजली, तो गिटारवालाच सन्मान बघायला नव्हता. पण गलबलून येणं हा पुरावा नाही. आता पेन्सिल काढू या.

दाव्याची तपासणी: तीन प्रश्न

'लोस सायकोस हा जगातला पहिला पंक बँड आहे.' तुमच्या सिनॉप्सिसमधलं नॉव्हेल्टीचं वाक्य समजा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न तारखेचा. रेकॉर्डिंग खरंच १९६५चं आहे का? हो. तबकड्या आहेत, कंपनी आहे, बँड १९६६ला संपला हेही माहीत आहे. रामोन्स हा न्यूयॉर्कचा बँड १९७४ला जमला आणि त्यांचा पहिला अल्बम १९७६ला आला. लंडनच्या सेक्स पिस्टल्सचं पहिलं गाणंही १९७६चंच. म्हणजे दहा वर्षांचं अंतर पक्कं. इथे दावा पास.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. पंक म्हणजे काय? जोरात, कच्चं, तीन-चार सुरांत उरकलेलं, घसा फाडून गायलेलं, एवढीच व्याख्या असेल तर सायकोसच्या आधीही माणसं सापडतात. अमेरिकेतल्या टकोमा गावच्या सॉनिक्सचं 'द विच' १९६४च्या अखेरीस आलं होतं. ट्रॅशमेनचं 'सर्फिन बर्ड' १९६३चं. लिंक रेनं १९५८ मध्ये एकही शब्द न गाता नुसत्या गिटारच्या गुरगुराटानं 'रंबल' गाजवलं होतं. उलट, पंक म्हणजे सत्तरच्या दशकातली बेकारी, कपडे, हातानं काढलेली मासिकं, स्वतःच स्वतःची तबकडी काढायचा हट्ट हे सगळं धरलं, तर सायकोस त्यात बसतच नाहीत. ते तर रेकॉर्ड कंपनीचे टीव्हीवर दिसणारे लोकप्रिय कलाकार होते.

आणि यात अजून एक गाठ आहे, जी मला सगळ्यात जास्त आवडली. 'पंक रॉक' हा शब्द रामोन्सच्या आधीच वापरात आला होता. १९७१-७२च्या सुमारास डेव्ह मार्श, लेनी के यांच्यासारखे अमेरिकन लेखक हा शब्द वापरत होते, तो कुणासाठी? साठच्या दशकातल्या गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या कच्च्या बँडसाठी! म्हणजे त्या जुन्या अर्थानं सायकोस पंक आहेतच, पण मग 'पहिले' नाहीत. नव्या अर्थानं 'पहिला' कोण हा प्रश्न उरतो, पण मग सायकोस 'पंक' नाहीत. 'पहिला' हा शब्द एका व्याख्येतून घ्यायचा आणि 'पंक' हा दुसरीतून, हा हातचलाखीचा प्रकार झाला. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' की 'श्री पुंडलिक' हा वाद आठवा. १९१२ आणि १९१३ या तारखांबद्दल कुणाचं भांडण नाही. 'भारतीय चित्रपट' म्हणजे काय, यावर आहे.

इथेच ती प्रेमगीतं आठवा. बारापैकी जी गाणी आज पंक म्हणून ऐकवली जातात ती तीन-चार. 'इंतेन्सामेंते' कुणी फलकावर लिहीत नाही. आपल्याला हवे ते पॉइंट ठेवायचे आणि बाकीचे ग्राफवरून काढून टाकायचे, याला लॅबमध्ये काय म्हणतात ते मी सांगायला नको.

तिसरा प्रश्न साखळीचा. सायकोसपासून रामोन्सपर्यंत काही पोचलं का? साखळी असेल तर ती दिसते कशी, ते आधी बघा. रामोन्सनी १९७७ मध्ये ट्रॅशमेनचं 'सर्फिन बर्ड' स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं. सेक्स पिस्टल्सनी स्टूजेसचं 'नो फन' गायलं. हा झाला पुरावा. यांनी त्यांना ऐकलं होतं, यात शंकाच नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या या पोरांनी लिमातली तबकडी ऐकल्याचा असा कुठलाही पुरावा नाही. मग 'चळवळ इथे जन्मली' हे कसं म्हणायचं? बीज पेरलं गेल्याशिवाय झाड त्या बीजाचं होत नाही.

मग दिसायला इतकं सारखं कसं?

जीवशास्त्रवाल्यांना याचं उत्तर माहीत आहे. शार्क हा मासा, डॉल्फिन हा सस्तन प्राणी. दोघांचा आकार सारखा, कारण दोघांनाही पाण्यातून वेगानं जायचंय. एक दुसऱ्याचा पूर्वज नाही. परिस्थितीचा दाब सारखा, म्हणून उत्तर सारखं.

लिन्सेतली चार पोरं आणि दहा वर्षांनंतरची न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार पोरं यांच्यातही दाब सारखा होता. शाळा-कॉलेजच्या वयातले मित्र, शास्त्रीय तयारी नाही, साधी वाद्यं, आणि अंगात मावत नाही अशी रग. शिवाय दोघांचे आजोबा एकच, पन्नाशीच्या दशकातलं अमेरिकन रॉक अँड रोल. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं १९५७ मध्ये शास्त्रज्ञांमधल्या 'आधी कुणी शोधलं' या भांडणांवर लिहिलं होतं. पुढे त्यानं असंही मांडलं की एकच शोध अनेकांना स्वतंत्रपणे लागणं हा अपवाद नाही, तोच नेहमीचा प्रकार आहे. आणि फ्रेंच विचारवंत जॉर्ज कांगिलेमनं 'पूर्वसूरी' या कल्पनेबद्दलच सावध केलं होतं. ज्याला आपण 'काळाच्या पुढचा' म्हणतो तो खरं तर आपल्याच काळात जगत असतो. त्याला पुढच्या काळात ओढून नेणारे आपण असतो.

हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. कारण सायकोसवर नेमका हाच अन्याय होतोय असं मला वाटतं. त्यांना 'रामोन्सच्या आधीचे रामोन्स' म्हटलं की मोजपट्टी कुठली झाली? न्यूयॉर्कची. म्हणजे लिमातल्या पोरांनी जे केलं ते मोठं का, तर पुढे न्यूयॉर्कच्या पोरांनी तसंच काहीतरी केलं म्हणून! सन्मान करायला गेलो आणि परत दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं.

त्यापेक्षा १९६५च्या लिमात उभं राहून बघा. आजूबाजूला बहुतेक जण इंग्रजी गाणी पुन्हा तळताहेत. अशा वेळी चार पोरं ठरवतात की आपण आपल्या भाषेत ओरडायचं, आणि गोड प्रेमाबरोबर स्मशान, वेड, तुरुंग, पाडापाडी यांच्यावरही गायचं. हे धाडस मोठं ठरायला रामोन्सची गरजच नाही. 'पहिला' हा शब्द काढून घेतला तर बँड लहान होत नाही. उलट पहिल्यांदाच नीट दिसायला लागतो.

माझं 'प्रथमच' कुठे गेलं?

आता माझं. स्पॅनिशमध्ये शोधल्यावर सत्तरच्या दशकातला एक जुना पेपर सापडला. स्कॅन इतका पुसट की भाषांतराच्या साधनानं अर्धं वाचलंच नाही. उरलेलं मी शब्दकोश घेऊन बसून वाचलं. त्यात अल्गारोबोच्या मुळांवरच्या गाठी, किनाऱ्याजवळची खारी जमीन, आणि त्यातून वेगळे केलेले जिवाणू, सगळं होतं. माझ्याकडे आहेत तशी साधनं त्यांच्याकडे नव्हती. जनुकांचा क्रम वगैरे प्रश्नच नाही. पण नोंद होती, व्यवस्थित होती.

खोटं कशाला सांगू, त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन वर्षांचं काम पाण्यात, असं वाटलं. अगदी क्षणभर असाही विचार आला की हा पेपर कुणाला सापडणार आहे? इंग्रजी डेटाबेसमध्ये नाहीच तो. गप्प बसलं तर?

पण मग सायकोस आठवले. स्वतःच्या भाषेत काम केलेली माणसं, गावाबाहेर कुणाला माहीत नाहीत म्हणून मोजलीच जात नाहीत. त्या बाजूनं मी इतकी हळहळले आणि इथे स्वतःच कुणाला तरी न मोजता पुढे जायला निघाले होते! उद्या मी मराठीत काही चांगलं लिहिलं आणि कुणी ते 'इंग्रजीत नाही' म्हणून नसल्यासारखं धरलं, तर मला काय वाटेल?

सकाळी गाईडना पेपर दाखवला. ते म्हणाले, "अरे वा, आता तुझा प्रश्न पक्का झाला." मला कळेना. ते म्हणाले, "आधी तू फक्त आहे एवढंच सांगत होतीस. आता दोन खंडांत आहे म्हटल्यावर, एकच जिवाणू झाडाबरोबर इकडे आला, की इथल्या मातीतल्या वेगळ्याच जिवाणूनं तेच काम शिकून घेतलं, हे विचारता येईल." म्हणजे साखळी की शार्क-डॉल्फिन? बघा, गाडी परत तिथेच आली.

नवीन वाक्य असं झालं: "अमेरिका खंडातील जवळच्या जातींवर अशा जिवाणूंची पूर्वी नोंद झाली आहे, प्रस्तुत काम येथील खारपड जमिनीतील जिवाणूंशी त्यांचे नाते तपासते." 'प्रथमच' गेलं. पण कमिटीपुढे उभी राहिले तेव्हा पहिल्यांदाच पाय लटपटले नाहीत, कारण त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला पेलवत होता.

तुमच्यासाठी

तुम्ही नेट-सेटची किंवा पेटची तयारी करत असाल, अजून विषय ठरायचा असेल, तरी एवढं आत्ताच करून ठेवा. तुमच्या मनातल्या विषयाबद्दल 'हे पहिल्यांदाच होतंय' असं वाक्य लिहा. मग त्याला हेच तीन प्रश्न विचारा. तारीख पक्की आहे का? व्याख्या एकच धरली आहे ना, की एक पाय इकडे एक तिकडे? आणि मागच्या-पुढच्याशी नातं सांगत असाल तर साखळीचा पुरावा कुठे आहे? चौथं काम म्हणजे, ज्या मुलखाचा तो विषय आहे त्या मुलखाच्या भाषेत निदान एक दिवस शोधा. शेवटी 'पहिला' हा शब्द खोडून वाक्य पुन्हा वाचा. तरीही ते वाचावंसं वाटत असेल तर विषय चांगला आहे.

आणि हो, एक राहिलंच. तो गुरगुरणारा गायक, एर्विन फ्लोरेस, पुढे काय करत होता माहितीये? अमेरिकेत गेला, विज्ञानाकडे वळला, नासासाठीही काम केलं. रेल्वे स्टेशन उडवायचं गाणं गाणारा माणूस पुढे आकाशाकडे बघायच्या कामात रमला. हे करणारा तो जगातला पहिला होता का, ते मी शोधलेलं नाही. मुद्दामच.

भेटू पुढच्या वेळी. तोपर्यंत 'देमोलिसियोन' ऐका, पण हेडफोन लावून. हॉस्टेलवर असाल तर रूममेटचा विचार करा!